सात रांजणांचं बेट आणि पायाळू अक्का

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचे कागद हाताखालून गेले. बहुतेक विसरलो. पण बेटावरून परत येणारी ती होडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चार माणसं जमली आणि 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणाली की माझ्या तोंडी तीच येते. नावं मी कुणाचीच देणार नाही. गावाचंही देणार नाही. दिलं तर उद्या सकाळी कुदळी घेऊन माणसं निघतील, हे अनुभवानं सांगतोय.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर माझं ठाणं होतं आणि हद्दीत एक धरण. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, लोक वर माळावर येऊन वसले आणि गावामागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. तेच हे बेट. निजामाच्या काळात एक सावकार घाईनं गाव सोडून गेला, जाताना मोहरांचे सात रांजण टेकडीवर पुरून गेला आणि परत आलाच नाही, अशी गोष्ट. टेकडी होती तोवर तिथं शेळ्या चरायच्या, रांजणांची कुणाला फारशी आठवण नव्हती. चहूबाजूंनी पाणी आलं आणि सोनं एकदम खरं झालं. लोह्याच्या बाजारात त्या रांजणांवर नाग बसलेला असायचा. उदगीरच्या मोंढ्यात तोच नाग दोन तोंडांचा व्हायचा. मुदखेडच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना एका मास्तरांनी मला रांजणांची उंची हातानं दाखवली होती. इतकंच काय, तपासणीला आलेल्या माझ्या एका वरिष्ठांनी सगळं दप्तर बघून झाल्यावर दार लोटलं आणि हळूच विचारलं, "काय हो, खरंच आहे का तिथं काही?" मग शेतकऱ्यालाच कशाला नावं ठेवायची!

आता पायाळू म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्या भागात समज असा की त्याच्या डोळ्यांत मंतरलेलं अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं. म्हणून गुप्तधन काढणारे अशा माणसाच्या शोधात असतात. काम दाखवण्यापुरतंच असतं असंही नाही. धनाचा राखणदार बळी मागतो, असं सांगणारे महाराजही असतात. पोर पायाळू असेल तर आई ते सहसा बाहेर बोलत नाही. पायाळूची दुसरी ख्याती त्यामानानं गोड. कंबरेत उसण भरली आणि पायाळूनं हलकीशी लाथ मारली की उसण निघते म्हणतात.

आमच्या बीट हवालदारांची कंबर महिन्यातून एकदा तरी धरायची. मग ते धरणाकाठच्या गावी अक्काकडे जायचे. अक्का म्हणजे एका लिंगायत शेतकरी घरातली थोरली सून. विधवा, मूलबाळ नाही, वय पन्नाशीचं. अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं. हवालदार तिच्या ओसरीवर पालथे पडायचे, अक्का पदर सावरून त्यांच्या कंबरेवर टाच टेकवायची, आणि आमचे हवालदार सरळ होऊन ठाण्यात यायचे. वर्दीतल्या माणसाला बाईनं लाथ मारावी आणि त्यानं दोन्ही हात जोडावेत, हे दृश्य मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आलो होतो.

त्या दिवशी सकाळी ते गेले तसेच वाकडे परत आले.

"काय झालं? लाथ बसली नाही का?" मी चेष्टेनं विचारलं.

"साहेब, अक्काचं दार बंद हाय. माहेरी गेली म्हणून सांगून राहिलेत घरचे. अन् तिचा माहेरचा भाऊ आत्ताच मला बाजारात भेटला. अक्का आलीच न्हाई म्हणला."

"मग गेली असेल दुसरीकडे."

"अजून एक हाय, साहेब. तिच्या दिरानं आज बाजारात काळा कोंबडा घेतला. समदा बाजार हसून राहिला."

मी खुर्चीतून उठलो. ज्या घरात कधी अंडं शिजलं नाही, ज्या घरचा माणूस गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी घेत नाही, त्या घरच्या माणसानं कोंबडा विकत घेतला होता. बाजाराला त्यात हसू दिसलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अमावास्या होती. अमावास्येच्या रात्री पाण्याच्या कडेनं आमची गस्त असायची, ते सगळ्या मुलखाला माहीत होतं. म्हणजे सकाळीच घेतलेला तो कोंबडा दिवसाउजेडी बेटावर न्यायचा होता, आज कुणी रात्रीची वाट बघणार नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद करून एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि निघालो.

दार अक्काच्या धाकट्या जावेनं, म्हणजे त्या दिराच्या बायकोनं उघडलं. डोळे सुजलेले. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती आणि आत तिची शाळेत जाणारी मुलगी पाढे म्हणत होती.

"मुलगी शाळेत नाही गेली?"

"तिला बरं न्हाई," ती म्हणाली. आतून पाढे खणखणीत येत होते.

मी काही विचारलं नाही. पाणी मागितलं, प्यालो आणि ओसरीवर बसून राहिलो. घाबरलेल्या माणसावर प्रश्नांचा मारा केला की ते आणखी मिटतं. नुसतं बसून राहिलं की आपणच बोलायला लागतं. महिला शिपायानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू फुटलं.

"आदी माझ्या लेकीलाच नेणार व्हते, साहेब. ती बी पायाळू हाय. धन काढायला आलेले महाराज म्हणले, कवळी नजर लागती. मालक म्हणले, नुस्तं अंजन घालायचं हाय, सांजच्याला माघारी आणतो. मी पाय धरले त्यांचे. मग अक्का मधी पडली. म्हणली, पोरीच्या नजरंला जोर न्हाई. माझी नजर जुनी हाय, मला न्या."

"आणि महाराज काय म्हणाले?"

"तिच्याकडं बघून हसले. मला त्या हसण्याचं लई भ्या वाटलं."

"मग ठाण्यात का आला नाहीत?"

"कुणाचं नाव सांगू साहेब? घरातलाच माणूस."

त्यांची होडी सकाळीच बेटाकडे गेली होती. मी मच्छीमारांची मोठी होडी मागवली. हवालदार कंबर धरून सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसले. अर्ध्या पाण्यात गेलो असू, तोच बेटाकडून एक होडी येताना दिसली. मी हाताच्या खुणेनं सगळ्यांना गप्प केलं.

होडीत पुढे काळा कोंबडा, जिवंत. मधे महाराज, हात जाळ्याच्या दोरीनं बांधलेले. वल्ही मारणाऱ्या दोन मच्छीमारांची तोंडं उतरलेली. दीर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. आणि मागे डोक्यावर पदर घेऊन अक्का ताठ बसलेली. आमच्या हातातल्या काठ्या बघून तिनंच हाक मारली.

"सावकाश, साहेब. इकडं समदे जिते हाईत!"

मला त्या वेळी इतकं हायसं वाटलं की माझा सलाम करायचाच तेवढा बाकी राहिला.

महाराजांच्या पिशवीत लिंबं, गुलाल आणि टॉवेलात गुंडाळलेला नवा कोरा कोयता मिळाला. नारळ फोडायला आणला म्हणाले. नारळ एकही नव्हता. काठावरच पंचांसमक्ष पंचनामा केला. कोंबडाही मुद्देमालात आला. ठाणे अंमलदारांनी मुद्देमालाच्या खोलीत टोपलीखाली ठेवला, तर पहाटे तो असा आरवायचा की लॉकअपमधले आरोपी त्याच्या नावानं तक्रार करायला लागले. पुढे कोंबडा देऊन टाकायची रीतसर परवानगी निघाली तेव्हा सगळं ठाणं सुटलं.

चौकशीत महाराज नारळाचंच पालुपद लावत राहिले. दिराला मात्र काही विचारावं लागलं नाही. बेटावर काय झालं ते त्यानंच सांगितलं. अक्काच्या डोळ्यांत अंजन घातलं, तिला बेटावर फिरवलं. मग वेड्या बाभळींच्या एका दाटीपाशी थांबली आणि म्हणाली, 'हितं हाय.' बाभळी तोडल्या, खणायला सुरुवात झाली. कमरेइतका खड्डा झाला आणि पांढरे गोळे लागले. महाराज ओरडले, 'धनाची खूण लागली! आता राखणदाराला द्यायचं ते द्या!' आणि पिशवीत हात घातला. दिरानं मात्र त्यातला एक गोळा हातात घेतला, बोटांनी चुरला आणि सवयीनं त्याचा हात कपाळाकडे गेला. ती विभूती होती. मातीत रुद्राक्षही दिसले.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. स्नान घालून, बसवून, विभूती आणि बेलाची पानं घालून समाधी देतात. विभूती हातात घेतलेल्या माणसाला खड्ड्यात पुढे काय आहे हे सांगायची गरज नव्हती.

"मी इचारलं, वहिनी, ही समाधी कुणाची?" दीर हुंदके देत सांगत होता. "वहिनी म्हणली, 'तुझ्या आईची. अजून खणणार हाईस का?' साहेब, मी माझ्या मायीवर कुदळ मारून राहिलो व्हतो!"

मग त्यानं महाराजांचा हात धरला आणि मच्छीमारांनी दोरी आणली. त्याचं म्हणणं असं की वहिनीला अंजनात चुकून ती जागा दिसली, देवानंच त्याला वाचवलं. मला ते पटेना. देव मदत करतो, मी नाही म्हणत नाही, पण इतक्या नेमक्या जागी नाही. मी शेजारच्या खोलीत अक्कासमोर जाऊन बसलो.

"अक्का, ती जागा तुम्हाला दिसली की माहीत होती?"

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "ठाव व्हती. सासूबाईला मी न्हाऊ घातलंय, मी बसवलंय. हा तवा माझ्या कडंवर व्हता, रांगायचा. गाव उठलं तवा लोकांनी दगड नेले, बाभळी माजल्या. त्याला काय ठाव असणार? पण मी कशी इसरंल?"

"मग खोटं सांगितलंत."

"हाव, खोटं बोलले. साहेब, पायाळूनं अंजन घालून खोटं सांगितलं की डोळे जातात म्हणतात. मला बी तसंच वाटून राहिलं व्हतं. होडीत बसल्यावर सारखं हाताकडं बघत व्हते, दिसतंय का म्हणून. म्हणलं, गेले तर गेले. माझं बघायचं आता किती उरलंय? पोरीचं समदं बघायचं ऱ्हायलंय."

"त्यानं ओळखलं नसतं तर? सोन्याच्या नादात तसाच खणत राहिला असता तर?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच विचारलं असं झालं.

"मी वाढवलाय त्याला," ती म्हणाली.

तपासात मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी लावलेले सापळे मी बघितले आहेत, काही स्वतः लावले आहेत. त्यातला एकही इतका धाडसी नव्हता. कोयता पिशवीत आहे हे तिला आधीच कळलं होतं. होडीत पाय लागला तेव्हाच. तरी ती बसली. समोरच्या माणसाच्या आत काय शिल्लक आहे, याचा इतका पक्का अंदाज आम्हा पोलिसांना क्वचितच येतो.

फिर्याद लिहायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, ही आता दिरासाठी पदर पसरेल. घरोघरी हेच बघत आलो होतो. कागद पुढे ओढून मी म्हणालो, "आरोपी म्हणून महाराजांचं नाव घेतो."

"त्याचं बी घ्या," ती म्हणाली. "त्यानं पोरीचं नाव घेतलं व्हतं. लिहा, साहेब."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बाई लॉकअपमधल्या त्या दिरासाठी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेऊन आली. अंमलदाराच्या परवानगीनं त्याच्यापुढे ठेवली आणि निघून गेली. तो भाकरीकडे बघत बसला होता. कायद्यानं त्याला जी शिक्षा झाली ती झाली, पण त्याची खरी शिक्षा मी त्या दुपारी बघितली आणि मला त्या माणसाबद्दल आशाही तेव्हाच वाटली.

या प्रकरणानं बेटाचं वेड संपलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. उलट वाढलं. 'पोलीस जाऊन आले म्हणजे काहीतरी असणारच,' असं लोक म्हणू लागले. समाधी मात्र अक्कानं मठातल्या स्वामींना नेऊन, स्वतःच्या हातानं माती लोटून पुन्हा बुजवली. त्या दिवशी दीर जामिनावर होता. तो तिच्या मागे उभा राहून माती देत होता.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्या ओसरीवर गेलो. मुलगी अंगणात खेळत होती. जाताजाता माझ्याही तोंडून तोच प्रश्न निघाला, जो माझ्या वरिष्ठांनी दार लोटून विचारला होता. मला वाटलं होतं, ही आता म्हणेल, कशाचं सोनं अन् कशाचं काय! तोवर माझी समजूत अशी होती की माणसांच्या डोक्यातलं गुप्तधनाचं खूळ गेल्याशिवाय असे गुन्हे थांबायचे नाहीत. भाषणांतही मी तेच सांगत आलो होतो.

"अक्का, तुम्हाला काय वाटतं? बेटावर धन आहे?"

"असंल की," ती सहज म्हणाली. "सातच्या सात रांजण असतील. म्हणून काय पोरगी द्यायची?"