पूजेतली पक्कड

माझी इंदू वहिनी स्वभावानं गरीब, असं अख्खी चौबे कॉलोनी सांगते. मी तिची नणंद, सुनीती. मी हे कधीच म्हटलं नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक गरीब समजतात, त्याला मी काय करू?

वर्ध्याहून लग्न होऊन ती रायपूरला आली तेव्हा विशीचीही नव्हती. माझा थोरला भाऊ दत्तोपंत सरकारी कचेरीत होता. साहेबासमोर मान खाली आणि घरात आवाज चढलेला, असा त्याचा खाक्या. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. वहिनी काही विचारायला गेली की त्याचं ठरलेलं उत्तर यायचं, "तुले कोणी विचारलं?" तीही मग मुकाट्यानं सरकवलेलं ताट उचलायची आणि त्यातलंच जेवायची. मला संताप यायचा. दादाचा तर यायचाच, पण खरं सांगायचं तर तिचा जास्त यायचा.

आमची आई शेवटी अंथरुणाला खिळली. तिचं सगळं वहिनीनंच केलं, हगणं-मुतणंसुद्धा. आई कृतज्ञ वगैरे होणाऱ्यातली नव्हती. पडल्यापडल्याही शिव्या घालायची. मी एकदा वहिनीला म्हटलं, तू मनापासून करतेस हो. ती चादर पिळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मनातून कोणी कोणाचं करत नाही, सुनीती. मी तुह्या भावाले भेऊन करून राहिली. उद्या मी पडली, तर माहं कोण करन अन् कशासाठी करन, याचाच इचार करतो मी." तेव्हा मला तिची कीव आली होती.

मग शिशिरचं लग्न झालं. शिशिर म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, कोरब्याला नोकरी, रविवारी घरी. त्याची बायको गंधाली आली आणि घरात पहिल्यांदा कोणी मोठ्यानं हसायला लागलं. मराठी सगळं कळायचं तिला, पण बोलायची हिंदीत. शाळेत शिकवायची. दादाचे डोळे अधू झाल्यावर डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची मनाई केली, तेव्हा घरातली जुनी मारुती हिनं हाती घेतली. दादाला ते आवडलं असेल अशी शंकाही नको. पण दवाखान्यात न्यायला, बाजारात न्यायला तीच लागायची, त्यामुळे तो गाडीत बसायचा आणि मागून सूचना करायचा.

गाडी चालवता येत नसली तरी तिची डागडुजी तोच करायचा. गॅरेजवाले सगळे चोर, हे त्याचं ठाम मत. गंधालीनं एकदा त्याला न विचारता हॉर्न गॅरेजमधून दुरुस्त करून आणला, तर आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं त्यानं.

तो आठवडा गेल्या वर्षीच्या नवरात्राचा होता. खंडेनवमीला आमच्याकडे औजारांची पूजा असते. पाटावर लाल कापड, त्यावर हातोडी, पाने, पेचकस, पक्कड, वहिनीची विळी आणि कात्रीसुद्धा. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला संध्याकाळी पूजा उचलेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. साधी सुपारी कातरायची असली तरी शेजारून अडकित्ता मागून आणायचा. दादा याबाबतीत भारी कडक. मी पुरानी बस्तीतल्या माझ्या घरून दुपारी पोचले तेव्हा पूजा मांडून झाली होती, गाडी धुऊन झेंडूची माळ घालून दारात उभी होती आणि दादाच्या नखांत काळं ग्रीस होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. स्टेशनपलीकडच्या नातेवाइकांकडे सोनं द्यायला आम्ही सकाळीच निघालो. गंधाली चालवत होती. तिच्या शेजारी डावीकडे वहिनी, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. मागे मी आणि दादा.

ओव्हरब्रिजचा चढ संपून उतार लागला आणि गंधाली म्हणाली, "आत्या, ब्रेक नहीं लग रहा."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मला आधी अर्थच लागला नाही. पेडल तिच्या पायाखाली ढिलं पडलं होतं. ती दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती आणि गाडी वेग घेत होती. तिनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दुसऱ्या हातानं गिअर खाली ओढला. इंजिन असं किंचाळलं की वहिनीनं कान झाकले. मग तिनं हँडब्रेक थोडा ओढला, सोडला, पुन्हा थोडा ओढला. एकदम ओढला असता तर गाडी गोल फिरली असती, हे मला मागाहून कोणीतरी सांगितलं. तेव्हा फक्त मागची बाजू हलताना जाणवत होती. दादा ओरडत होता, "अवं थांबव! थांबव न!" जणू ती हौसेनं पळवत होती.

पुलाच्या पायथ्याशी देवीच्या मिरवणुकीची गर्दी होती. सगळा रस्ता भरलेला. नटलेल्या बायका, खांद्यावर पोरं. गंधालीनं ते पाहिलं आणि गाडी डाव्या कठड्याला घासायला लावली. पत्रा फाटल्याचा आवाज झाला, झेंडूची माळ तुटून काचेवर आली, पण गाडीचा वेग उतरला. खरंच उतरला. अजून जरा कठडा मिळाला असता तर आम्ही सगळे उतरून घरी गेलो असतो. पण कठडा संपला आणि पुढे विजेचा खांब होता.

खांब डावीकडून आत आला, वहिनीच्या बाजूनं.

मिरवणुकीतल्या एकालाही खरचटलं नाही. याबद्दल गंधालीचं कोणी शब्दानं कौतुक केलं नाही. गर्दी जमली आणि पहिलं वाक्य कानावर आलं ते "लेडीज़ चला रही थी." दुसरं माझ्या भावाचं. बायको पत्र्यात अडकून विव्हळत होती आणि हा रस्त्यावर उभा राहून लोकांना सांगत होता, "मी म्हटलंच होतं, बाईच्या हाती गाडी देऊ नोका."

वहिनी वाचली. कमरेखाली मात्र हालचाल, संवेदना काही उरलं नाही, आणि हातांतही पूर्वीचं बळ राहिलं नाही.

मोडलेली गाडी ज्या मेकॅनिकनं उघडली, त्यानं पायाखालच्या चटईतून एक बारीक पिन काढून दाखवली. ब्रेकचं पेडल एका जाड खिळ्यानं पुढच्या रॉडला जोडलेलं असतं, आणि तो खिळा निसटू नये म्हणून त्यात ही दोन पायांची पिन घालतात. घालून तिचे पाय पकडीनं वाकवायचे असतात. "ये तो मुड़ी ही नहीं थी, दीदी," तो म्हणाला. "किसी ने डाली और ऐसे ही छोड़ दी." पिन गळून पडली, खिळा सरकत सरकत निघाला आणि पेडल सुटलं.

मी दवाखान्यात वहिनीसमोरच दादाला विचारलं, "तू काही खोललं होतंस का रे?"

"मी फक्त धुतली," तो म्हणाला. "गॅरेजात कोण घेऊन गेलं होतं? तिले विचार." वहिनी छताकडे पाहत होती. गॅरेजवाला शपथेवर सांगत राहिला, की आम्ही हॉर्नशिवाय कशाला हात लावला नाही. त्याचं कोण ऐकतं? शिशिरनं बापाचं ऐकलं. त्या दिवसापासून बायकोशी बोलणं टाकलं त्यानं. रविवारी यायचा आणि "आई कशी आहे" हे घरातल्या भिंतींना विचारायचा.

आणि गंधाली? तिनंही तेच मानलं. मीच गॅरेजमध्ये नेली, मीच चालवत होते, मीच डावीकडे वळवली. शाळा सोडली तिनं. वहिनीचं अंग पुसणं, तिला भरवणं, तिच्याखालचं काढणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तासातासानं कूस बदलणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. तिचं ते मोठ्यानं हसणं कुठं गेलं, कोण जाणे. रोज सकाळी ती वहिनीच्या पायांवर डोकं ठेवायची. त्या पायांना स्पर्शही कळत नव्हता. "माफ कर दीजिए, आई," म्हणायची. वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवायची. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते पाहून, माझ्यासुद्धा.

यंदाची खंडेनवमी आली. गाडी भंगारात गेली होती तरी औजारं होती. दादानं पाट मांडला. शिशिर रजा घेऊन आला होता. वहिनीला पूजा दिसावी म्हणून खाट बाहेरच्या खोलीत आणली होती. गंधाली हळदकुंकवाची कुयरी घेऊन पुढं झाली, तसा दादा म्हणाला, "तू राहू दे. तुह्या हातचं नको." मग शिशिरकडे वळून, ती तिथंच उभी असताना, म्हणाला, "दसरा झाला का हिले बिलासपूरले हिच्या माहेरी पोचवून दे. आईसाठी बाई पाहून ठेवली म्या. सुटा आता एकमेकांपासून."

शिशिर काही बोलला नाही, म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं. गंधालीनं मान खाली घातली. हीच शिक्षा व्हायची होती, तशी उभी राहिली ती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"ते पक्कड काहाडा तिथून."

सगळे वळले. वहिनी दादाकडेच पाहत होती. एवढ्या वर्षांत तिला त्याच्याकडे असं पाहताना मी पाहिलं नव्हतं.

"तुले कोणी विचारलं?" दादा म्हणाला. पण आवाज चढला नाही.

"पेडल कुरकुरते म्हणून तुम्हीच खोललं होतं," वहिनी म्हणाली. "टॉर्च मी धरला होता. तुमचं ग्रीस लावणं होतवर मुहूर्त निघून चालला होता, म्हणून तुम्हीच म्हटलं, औजारं मांडून घे. मी मांडले, हळदकुंकू वाहिलं. मंग तुम्हाले पक्कड लागली. मी म्हटलं, आणू का? तर तुम्ही म्हणाले, पूजेतलं उचलतं का, अक्कल हाय का तुले? राहू दे, एका दिवसानं काही होत नाही, पूजा उचलल्यावर पिन वाकवू. पिन तशीच ठेवली तुम्ही. पोरीनं काही नाही केलं, शिशिर. कुठी नको धाडू तिले."

शिशिर बापाकडे पाहायला लागला. दादानं नाही म्हटलं नाही. तो खाली बसला आणि कुंकवाची बोटं पुन्हा पुन्हा पंचाला पुसत राहिला. मला वाटलं, सुटली पोर. चांगली माणसं उशिरा का होईना बोलतात, असं काहीतरी माझ्या मूर्ख मनात येऊनही गेलं.

गंधाली मात्र दादाकडे पाहतच नव्हती. ती खाटेजवळ गेली.

"आई, आपको मालूम था?"

"हव."

"शुरू से?"

वहिनीनं तिचा हात धरला, घट्ट, आणि तितक्याच मायेनं म्हणाली, "पहिलेच सांगतलं असतं, तर तू माहं केलं असतं का?"

गंधालीनं वर्षभर ज्या पायांवर डोकं टेकलं होतं, त्या पायांकडे एकदा पाहिलं. मग आपला हात सोडवून घेतला. वहिनीची कूस बदलायची वेळ झाली होती. तिनं रोजच्यासारखं एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, तिला भिंतीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली, पदर नीट केला. मग आतल्या खोलीत जाऊन बॅग भरली आणि बाहेर पडली. शिशिर फाटकापर्यंत मागं गेला. तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

वहिनीला यातलं काहीच दिसलं नाही. तिचं तोंड भिंतीकडे होतं आणि एकटीनं कूस बदलणं तिला जमत नव्हतं. "गंधाली," तिनं हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मग म्हणाली, "सुनीती, हायेस न तू?"

मी तिथंच खुर्चीवर बसले होते. मी उठले नाही.