तालिब मुलाणींचा निखारा

तालिब मुलाणी माझ्या आखडलेल्या खांद्यावर उपचार करतात. सदाशिव पेठेत त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. त्यांना जन्मापासून दिसत नाही, पण कुठे दुखतंय हे मी सांगायच्या आत त्यांचा अंगठा तिथे पोचलेला असतो. मग बोंबलायचं तेवढं आपल्या हातात राहतं.

या गृहस्थांनी यंदा एका गिर्यारोहण संस्थेत नाव घातलं. संस्थेचं हिवाळ्यात जंगलात शिबिर असतं आणि त्याआधी एक परीक्षा: काडेपेटीशिवाय, ठरलेल्या वेळेत लाकडावर लाकूड घासून आग पेटवायची. प्रमुख अभिनव म्हणाला, "सर, तुम्हाला यातून सूट देऊ." मुलाणी म्हणाले, "द्यायची तर सगळ्यांना द्या." सूट घेतलेल्या माणसाला शिबिरात सामानासारखं नेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना बरोबरीने जायचं होतं.

रविवारी संस्थेच्या अंगणात परीक्षा झाली. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले होते. त्यांनी फळीवर पाय रोवला, छोट्या धनुष्याच्या दोरीत शेवरीची काठी अडकवून उभी धरली, वरून ठोकळ्याने दाबली आणि धनुष्य करवतीसारखं पुढे-मागे ओढू लागले. काठी फळीवर गरागरा फिरत होती. फळीला खाच असते. घासून पडलेला काळा भुसा तिथे साचतो आणि तापून त्याचा निखारा होतो. झाला तर. हवा दमट होती आणि आधीच्या दोघांनी हात टेकले होते.

धूर निघाला. "आला, सर, थांबू नका," नम्रता ओरडली. ही संस्थेतली नवी मुलगी, मनाने फार चांगली. चांगल्या मनाची मला त्या दिवसापासून धास्तीच बसली आहे.

"जरा गप्प बसाल का?" मुलाणी म्हणाले. त्यांचं सगळं वासावर चाललं होतं. धुराला करपट वास सुटला तेव्हाच ते थांबले. फळी हलकेच उचलली. खाली हरभऱ्याएवढा निखारा होता. तो ते अलगद काथ्याच्या गुंडाळीत सरकवू लागले. सांडला असता तर सगळं मुसळ केरात. पण सांडला नाही. गुंडाळी तोंडापाशी धरून ते हळूहळू फुंकू लागले. धूर दाटला, विरळ झाला, पुन्हा दाटला, पुन्हा विरळ झाला. निखारा विझतोय की धरतोय, कोणालाच कळेना.

नम्रताला ते बघवलं नाही. तिने खिशातून लायटर काढला आणि काथ्याला खालून लावला. भस्सकन जाळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहिलं सगळ्यांनी, बोललं कोणी नाही. मला संताप आला.

मुलाणींनी जळता काथ्या फरशीवर टाकला.

"गॅसचा वास कसला?"

टाळ्या थांबल्या.

"मी लायटर लावला, सर," नम्रता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "विझत होता हो."

"विझला असता तर माझा विझला असता."

अभिनवने घड्याळ बघितलं. "वेळ तर संपली, सर. पण निखारा तुमचाच होता. मी तुम्हाला पास धरतो."

"तो पेटला असता?"

"ते आता कसं सांगणार?"

"मग पास कसं धरता?"

नम्रता मान खाली घालून उभी होती. शेवटी अभिनव म्हणाला, "नापास. या वर्षी शिबिराला नाही येता येणार."

मुलाणींनी मान डोलावली आणि आपलं सामान गोळा केलं.

परतताना रिक्षात ते तळहात चोळत बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "फार वाईट झालं."

"वाईट तर झालंच," ते म्हणाले. रिक्षाने नारायण पेठ मागे टाकली. मग म्हणाले, "पण काकू, शाळेत मी कोरा पेपर दिला होता, तरी पास केलं होतं मला. नापास आज पहिल्यांदा झालो."