भासऱ्यासमोर न बोललेली बाई

ती दुपार या वयातही मला विसरता येत नाही. इंग्रजी अमल होता आणि मी वाशीम भागात फौजदार होतो. ठाण्यात रोजनामा लिहीत बसलो होतो, तोच बाजारातला कासार घामाघूम होऊन आत आला.

"साहेब, काल निबंधकाच्या कचेरीत इथल्या बड्या कास्तकाराची विधवा भावजय अंगठा देताना पाह्यली. तोंडावर पदर होता, पन हातावरचं गोंदन दिसलं. सांजेले तोच हात माह्यासमोर! बांगड्या भराले आली न ते!"

विधवा बांगड्या भरते? मी थेट कचेरी गाठली. विधवेने माहेरून मिळालेले शेत भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, त्या कास्तकाराला, बक्षीसपत्राने दिले होते. भासऱ्यासमोर बाई बोलत नाही, पदर सारत नाही. निबंधकाने भीड धरली आणि तोंड न पाहताच अंगठा घेतला. ओळख देणारे दोन साक्षीदार कायद्याला लागतात, तेही होते. दोघेही भासऱ्याचेच, त्यातला एक त्याचा सालदार, सालावर ठेवलेला गडी.

मग खरी बाई कुठे होती? कागद झाल्यावर तिला जिवंत कोण ठेवणार?

कासाराने त्या गोंदलेल्या हाताच्या बाईचे घर दाखवले. ते त्या सालदाराचेच निघाले, ती त्याची बायको. मी आवाज चढवला नाही, तरी तिने सगळे सांगून टाकले.

"मालक म्हने, नाई आली तं तुह्या नवऱ्याले तोडतो. म्हून गेली, साहेब. नवरा जित्ता असताना कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या! रिकाम्या हातानं रात कशी काढू? त्याले काही होईन काय वो?"

"काही होत नाही त्याले. मालकीण कुठं हाय ते सांग आधी!"

तिने शेतातल्या गुरांच्या कोठ्याकडे बोट केले.

मी आणि माझा शिपाई धावतच सुटलो. कुलूप फोडले. आत कडब्यावर ती बाई पडलेली, ओठ फुटलेले. माझे बूट वाजले तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"कागद झाला काय?" ती म्हणाली. "मंग मारा आता. लवकर मारा."

शिपायाने तिला पाणी पाजले, मी जवळ बसून "बाई, पोलीस हाय" म्हणालो.

भासरा पळून जाताना जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनावर सापडला. त्याला शिक्षा झाली आणि बक्षीसपत्र रद्द झाले. कचेरीत ओळख पटवायची म्हटले की लोक आजही कुरकुरतात. खुशाल कुरकुरा! मी पुढे नोकरीत कोणाचीही ओळख नुसत्या साक्षीदाराच्या शब्दावर सोडली नाही. ज्या बाईचे तोंड सरकारात कोणी पाहिलेले नसते, तिला मारून टाकणे फार सोपे असते.