आत्याच्या पाठीतले धपाटे

भाचीचं नाव भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. परत सांग म्हटलं. त्यानं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली आणि माझं डोकं फिरलं.

"आरं, हे नाव हाय का औषध?" मी म्हणाले. वर इंग्रजीत दोन जादा अक्षरं, ती बोलायची नाहीत, नुसती लिहायची. कुणा नावाचे आकडे मांडून नशीब सांगणाऱ्यानं सुचवलेली. मग मी सुटलेच. साताऱ्यात अंगणवाडीची हजेरी रोज मी घेते, हे भोग मला ठाऊक. एका पोराचं नाव मी म्हणते तसं नाही असं त्याची आई सांगते, आई म्हणते तसं नाही असं आजी सांगते, आणि पोरगं कशालाच ओ देत नाही. सगळं बोलून घेतलं. फोन स्पीकरवर होता हे शेवटी कळलं.

पलीकडून भावजय शांतपणे म्हणाली, "ताई, तुमाला जमत नसंल तर माझी बहीण सांगंल कानात."

माझा हात पिठातच राहिला. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच. भाऊ फौजेत, लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याच्या घरात पाळणा हलला, आणि तो मान माझ्या तोंडानंच मी घालवत होते. "जमंल की," म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर चैन नाही. भांडी घासताना नाव म्हणायची, पोरांना खिचडी वाढताना म्हणायची. बारशाला सांगलीला निघाले तर एसटीत तेच. कऱ्हाड येईपर्यंत नीट येत होतं, पेठ नाक्याला मधलं अक्षर गळालं. शेजारची बाई विचारायला लागली, "आवं, कसला जप करताय?"

खरं सांगायचं तर राग नावाचा नव्हताच. मी चौथी मुलगी. आता मुली नकोत, अशा अर्थाचं नाव ठेवायची आमच्याकडे रीत होती, म्हणजे पुढं मुलगा होतो. माझं तसलंच ठेवलं, आणि माझ्या पाठीवर हा भाऊ झाला. नावाचा गुण आला, असं सगळे माझ्यादेखतच म्हणायचे. माझं नाव ठेवायला कुणाला अर्धं मिनिट लागलं नसेल, आणि इथं एका नावासाठी सहा महिने शोध. जळत होते मी, दुसरं काय.

पाळणा फुलांनी मढवलेला. घुगऱ्या वाटून झाल्या. मी वाकले, तोंडाशी हात धरला, "कुर्रर्र" म्हटलं, आणि रीतीप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. सांगलीच्या बायकांचा हात लय जड. दुसऱ्या की तिसऱ्या धपाट्याला नाव साफ गेलं. पोरगी डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होती. काहीतरी सांगायलाच हवं होतं.

"तुझ्या आईनं नाव लय शोधून ठेवलंय गं," मी तिच्या कानात म्हणाले. "मला आत्ता ईना. पण तू आमाला पायजे होतीस. एवढं ध्यानात ठेव."

उठले तर घामाघूम. "सांगा की मोठ्यानं," बायका ओरडत होत्या. भावजय पाळण्याची दोरी धरून अगदी जवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसतच होतं. आता बहिणीला पुढं करणार, मला वाटलं. तिनं स्वतःच मोठ्यानं नाव सांगितलं आणि म्हणाली, "आत्यांनी ठेवलं." टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून पेढा खाल्ला.

संध्याकाळी मी बाळंतिणीजवळ बसले होते. पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली. भावजय म्हणाली, "ताई, तुमचं नाव तुमी ठेवलं असतं तर कंचं ठेवलं असतं?"

अंगणवाडीतल्या शंभर पोरांच्या नावांना मी नावं ठेवली असतील. पण चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही. बराच वेळ विचार केला. मला एकही नाव सुचलं नाही.