चित्रगुप्त, मुक्काम कारेलीबाग

चार जणांनी मिळून एखादं काम काढलं की काम होतं की नाही हे देवाला ठाऊक, किस्से मात्र हमखास होतात. आमचं तर कामही झालं, त्यामुळे किस्से जरा जास्तच झाले! अजून कुणाच्या लग्नात भेटलो की जेवणाच्या रांगेतच सुरुवात होते आणि आमच्या बायका ताटं उचलून दुसऱ्या टेबलाकडे जातात. त्यांना सगळं पाठ आहे.

तर एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं आणि बडोद्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. कारेलीबागेतल्या एका अपार्टमेंटच्या तळघरात परेशभाईचा कॅफे होता. दर रविवारी सकाळी तिथे जमून आम्ही कॉम्प्युटरवर दोन टोळ्या करायचो आणि एकमेकांना गोळ्या घालायचो. आमच्या टोळीत मी, मिलिंद वैद्य आणि संग्राम शिर्के. समोर बडोद्याच्याच दुसऱ्या टोकाच्या अकोट्याहून स्कूटरवर येणारा जिग्नेश आणि त्याची माणसं.

भांडण एकच. ज्याच्या मशीनवर खेळ चालायचा त्याचं सगळं सुरळीत, बाकीच्यांचं अडखळत. आपण बंदूक उचलेपर्यंत तो आपल्याला मारून पुढच्या खोलीत! शेवटी मिलिंद म्हणाला, "खेळ चालवायला वेगळं मशीन पाहिजे. सर्व्हर. त्याच्यावर कुणीच बसायचं नाही. आपण विंडोजऐवजी लिनक्स टाकू."

मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी तो तेव्हा खिशात घेऊन हिंडायचा. पण मशीन द्यायला परेशभाई तयार नाही. "तमे मशीन रोकी राखशो तो घराक क्यां बेसशे? मारा खोळामां?" गिऱ्हाईक काय माझ्या मांडीवर बसवू, हा त्याचा सवाल. त्यात तथ्य होतं.

म्हणून जुने सुटे भाग जोडून आम्हीच एक डबा उभा केला. तो ठेवला कॅफेच्या समोरच, गल्लीपलीकडे, संग्रामच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात. गल्लीवरून केबल ओढायचं तेवढं परेशभाईने अंगावर घेतलं. "पांच मिनिटमां थई जशे!" म्हणाला. तो रविवार त्यातच गेला.

* * *

संग्रामच्या घरी मशीन ठेवणं सोपं नव्हतं, कारण घरात आबा होते. आबा म्हणजे संग्रामचे वडील. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते आणि त्यांची तलवार दिवाणखान्याच्या भिंतीवर होती. आबा स्वतः जन्मभर औषधांच्या कारखान्यात खोकी बांधून घेण्याच्या खात्यात होते, पण बोलणं सगळं पलटणीतलं. भाजी आणायला निघाले तरी "कूच करतो" म्हणायचे.

मिलिंदने लिनक्स टाकायला घेतलं तेव्हा आबा खुर्ची ओढून मागे बसले. काळा पडदा, त्यावर भराभर सरकणारी पांढरी अक्षरं.

"यात चित्र कुठाय?"

"आबा, सर्व्हरला चित्र लागत नाही."

"मग तो लढाई बघतो कशी?"

"बघत नाही. कुणी कुणाला मारलं, कोण मेलं, एवढंच टिपून ठेवतो."

आबांनी चष्मा पुसला. "म्हणजे चित्रगुप्त आहे, असं सांग ना! उगाच इंग्रजी कशाला?"

मशीनला नाव द्या, असं पडद्यावर नेमकं तेव्हाच आलं. मिलिंदने 'चित्रगुप्त' असंच टाइप केलं.

मग आबांनी अट घातली. "हे यंत्र शिर्क्यांच्या घरात, माझ्या पणज्याच्या तलवारीखाली राहणार. तर यावर शिर्के जिंकले पाहिजेत. संग्राम, पुढच्या खंडेनवमीपर्यंत एकदा तरी जिंकून दाखव. नाहीतर दसऱ्याला हे पस्तीवाल्याकडे, रद्दीत!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण नाव जरी संग्राम असलं, तरी बंदुकीचा आवाज आला की हा गडी कळफलकावरून हात काढून कानावर ठेवायचा.

* * *

पहिल्याच रविवारी आबा कॅफेत येऊन संग्रामच्या मागे उभे राहिले. संग्राम मेला. थोड्या वेळाने उठून परत पळायला लागला. परत मेला, परत उठला.

"हे काय?" आबा गरजले.

"खेळच तसा आहे आबा. मेलं की जरा थांबून परत येतात."

"परत येतात? मग मरण्याला काही किंमत? आणि तुमचा चित्रगुप्त काय झोपा काढतो? मेला की मेला!"

मिलिंदने पुष्कळ समजावलं. आबांचं एकच, माझ्या घरात असले चाळे चालणार नाहीत. शेवटी मिलिंदने जाऊन सर्व्हरच्या फाइलमधली एक ओळ बदलली. मेलेल्याने डाव संपेपर्यंत गप्प बसायचं.

अकोटेकर खवळले. "आ केवुं? एक वार मर्या एटले बेसी रहेवानुं?" जिग्नेशने परेशभाईकडे तक्रार केली. पण परेशभाईच्या तोवर लक्षात आलं होतं की मेलेली माणसं बसल्या बसल्या लिंबू सोडा पितात आणि खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, खातात. तो गल्ला बंद करत, आबांचंच खरं ठरवत म्हणाला, "काका साचुं कहे छे. मर्या एटले मर्या!"

* * *

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, आमच्या केबलवर निम्म्या गल्लीचे पतंग लटकले. त्यात एक पतंग कॅफेच्याच अपार्टमेंटमधल्या शहाकाकांचा. बँकेत एवढे मोठे अधिकारी, पण त्या दिवशी डोक्यावर टोपी, बोटांना पट्ट्या आणि तोंडात पिपाणी.

इकडे कॅफेत डाव रंगलेला आणि चमत्कार म्हणजे संग्राम अजून जिवंत. तेवढ्यात वरच्या गच्चीवरून आरोळी आली, "काप्यो छे!" आणि आमचे सगळे पडदे एकदम थिजले.

धावत वर गेलो तर शहाकाका कात्री हातात घेऊन उभे. केबलमध्ये त्यांचा आवडता पतंग अडकला होता. ओढला तर फाटेल, म्हणून त्यांनी शांतपणे केबल कापली होती.

मिलिंदला रडू यायचं बाकी होतं. शहाकाकांनी पतंग उन्हात धरून दाखवला. "जुओ, एक लिसोटो पण नथी पड्यो!" खरंच, पतंगावर एक ओरखडा नव्हता. परेशभाईने केबल पाहिली आणि खिशातून मांजा काढत म्हणाला, "पांच मिनिटमां थई जशे. पण आजे नहि."

* * *

मिलिंदचा लिनक्सवर फार जीव. "याच्यात परवानगीशिवाय पान हलत नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. पासवर्ड त्याने असा ठेवला होता की तो स्वतः टाकतानाही ओठ हलायचे.

होळीच्या दिवशी सर्व्हर अचानक गेला. अकोटेकरांनी घात केला म्हणून आम्ही संग्रामच्या घरी धावलो. बघतो तर चित्रगुप्ताचा प्लग जमिनीवर आणि त्याच्या जागी मिक्सर!

"पुरण वाटायचं होतं," संग्रामची आई म्हणाली. "स्वयंपाकघरातला बोर्ड गेलाय."

"काकू, त्याला असं एकदम बंद करत नाहीत. आधी सांगावं लागतं, मग तो आपलं आवरून झोपतो."

"या घरात मला सांगून कुणी झोपतं का? मग याला मी का सांगू?"

पुरण वाटून होईपर्यंत आम्ही थांबलो. मशीन पुन्हा लावलं तर ते आपली डिस्क तपासत बसलं, काही केल्या पुढे सरकेना. काकूंनी वाकून पाहिलं. "रुसलाय," म्हणाल्या आणि आमच्या हातावर एकेक पोळी ठेवली.

त्यानंतर मिलिंदने हार मानली. समोरचं बटन एकदा हलकेच दाबलं की यंत्र आपोआप आवरून झोपेल, अशी सोय केली आणि घरातल्या सगळ्यांना शिकवली. आबांनी ती चार वेळा करून पाहिली.

* * *

पावसाळा आला तरी संग्राम जिंकला नव्हता. त्याने स्वतःची एक युक्ती मात्र काढली होती. खेळात एका गोदामात तेलाचं पिंप होतं. डाव सुरू झाला की हा त्याच्यामागे जाऊन बसायचा. हालचाल नाही, गोळी नाही, काही नाही!

एकदा डाव काही केल्या संपेना. कोण उरलंय तेच कळेना. कंटाळून दोन्ही टोळ्या मिळून सेव-उसळ खायला गेलो. तिखट झालं म्हणून वर ताक प्यायलो, जिग्नेशने स्कूटरमध्ये हवा भरून घेतली. परत आलो तर तळघरात एकटा संग्राम, नाक पडद्याला लावून, पिंपामागे.

"अरे, आम्ही सगळे बाहेर होतो! येऊन एकेकाला मारायचं नाही का?"

"मला वाटलं, तुमचा डाव असेल," संग्राम म्हणाला.

हसून हसून पोट दुखलं. पण घरी गेल्यावर त्याचं काय होत असेल ते मला ठाऊक होतं. दर रविवारी जेवायच्या पानावर आबा एकच शब्द विचारायचे, "जिंकलास?" आणि हा भातात बोट फिरवत म्हणायचा, "हरलो नाही." एकदा मी समोर होतो. आबांनी मान फिरवून काकूंकडे ताक मागितलं, ते मला आवडलं नाही. मशीन गेलं तर दुसरं जोडता येईल, पण बापाच्या तोंडून एकदा "शाब्बास" ऐकायची या पोराची हौस कुठून जोडणार? आम्ही त्याला मुद्दाम जिंकवायचाही प्रयत्न केला. पण मी त्याच्यापुढे बंदूक टाकून उभा राहिलो तर तो मला "सॉरी" म्हणून पळून गेला!

* * *

आणि खंडेनवमी आली. ती नेमकी रविवारी. आठ रात्री गरबा खेळून अकोटेकर लंगडत आले होते. आम्हाला वाटलं, आज जमेल.

शेवटचा डाव. मी मेलो, मिलिंद मेला, अकोट्याचेही सगळे मेले. उरला जिग्नेश आणि पिंपामागे संग्राम. मेलेले सगळे जण सोडा हातात धरून त्या दोघांच्या मागे उभे. जिग्नेशला ते पिंप आता पाठ झालं होतं. तो गोदामात शिरला. पिंपापाशी आला. बंदूक वळवली.

आणि पडदे थिजले!

"चीटिंग!" जिग्नेश ओरडला आणि तडक गल्ली ओलांडून शिर्क्यांच्या घरात घुसला. आम्ही सगळे मागोमाग.

दिवाणखान्यात पाट मांडला होता. त्यावर घरातला हातोडा, पक्कड, काकूंची विळी, आणि मधोमध चित्रगुप्त, हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी आबा सोवळं नेसून बसलेले. मांडीवर पणजोबांची तलवार आणि हातात तेलाचं फडकं.

"काका, मशीन कोणे बंद कर्युं?"

"मी. बटन दाबून, सांगून, नमस्कार करून," आबा म्हणाले. "खंडेनवमीला पूजलेलं हत्यार चालवायचं नसतं."

"आ नहि चाले काका! हुं जीवतो हतो! हवे एने मारवानोज हतो!"

आबांनी फडकं थांबवलं. "तू जिवंत होतास?"

"हा!"

"आणि हा आमचा?"

"ए पण."

"म्हणजे लढाई अर्धी राहिली." आबा तलवार घेऊन उठले, खिडकीपाशी गेले, आणि कुठे गंज राहिलाय का ते बघायला पातं उजेडात धरून एक डोळा मिटला. पात्याचं टोक जिग्नेशच्या दिशेला आलं होतं. "परत सांग बघू. नक्की जिवंत होतास?"

जिग्नेशने पात्याकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"ना ना काका, भूल थई. हुं तो क्यारनो मरी गयेलो!"

"केव्हाचाच ना? मग मेला की मेला," आबा म्हणाले. तलवार पाटावर ठेवली, तिच्यावर फूल वाहिलं आणि प्रथमच काही न विचारता संग्रामच्या पाठीवर थाप मारली. मग आत वळून हाक दिली,

"अहो, ऐकलं का? दोन पानं वाढा. एक जिंकलेल्याचं, एक मेलेल्याचं!"