यंदा पक्षी गप्प आहेत

आमचे हे डोळे मिटून पक्षी ओळखायचे. गंगापूर धरणाच्या काठावर बसल्या बसल्या बोट वर करायचे, "हा तांबट. तो खंड्या." मी थर्मासमधला चहा ओतत मान डोलवायची. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. मी जाते ती वाऱ्यासाठी, आणि परतताना मिसळ मिळते म्हणून.

गेली दोन वर्षं मात्र यांना कमी ऐकू येतं. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीसकट खणात पडून. वर म्हणायचे, "मला सगळं ऐकू येतं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." माझा आवाज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच.

यंदा होळीनंतर धरणावर गेलो तर म्हणाले, "यंदा पक्षी गप्प आहेत. पाणी आटलंय ना." डोक्यावरच्या बाभळीत नुसता कलकलाट चालला होता. मी भांडले नाही, चहा ओतला.

मग हे दुर्बीण डोळ्यांना लावून, पाणी ओसरलेल्या उघड्या जमिनीवरून निघाले. एक टिटवी यांच्या टोपीवर घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. टिटवी अशी ओरडली की जवळपास अंडी असणार, हे यांनीच मला शिकवलेलं. मी हाकांवर हाका मारल्या, पण कशाचं काय. शेवटी चपला हातात घेऊन धावले आणि मागून सदरा धरला.

हे वळले. वर पाहिलं. यांच्यासाठी टिटवीची चोच नुसती उघडमीट होत होती. मग खाली पाहिलं. पावलापुढेच, खड्यांमध्ये, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी.

"ओरडत होती?"

"मघापासून."

त्या दिवशी मिसळसुद्धा नको म्हणाले. घरी आल्यावर खण उघडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात आला. मी मुद्दाम बाहेर गेले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही अंड्यांपासून लांबच बसलो. यांनी मशीन कानात नीट बसवलं आणि डोळे मिटले. जरा वेळाने बोट वर गेलं. "तांबट." मग दुसरीकडे. "टिटवी." मला रडूच यायला लागलं, म्हणून मी थर्मासचं झाकण उघडत बसले.

"म्हणजे पक्षी गप्प नव्हतेच," हे म्हणाले.

"नव्हतेच," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात. आणि यांनी मान डोलवली.