मामा सोडून सगळे

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही राव, ते आपोआप साचतात. चाकणच्या आमच्या कंपनीत क्वालिटीवाल्यांचं एकच लांब टेबल. सात माणसं शेजारी शेजारी बसून आठ-आठ तास पार्ट मोजणार. हात गुंतलेले, तोंड मोकळं! मग ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याचे किस्से वाढत जातात. आमच्याकडे ते कदम मामांचे वाढले. मोबाइलवर ग्रुपच होता, ‘मामांचे किस्से’. ग्रुपमध्ये टेबलावरचे सगळे. मामा सोडून.

ग्रुप मीच काढला होता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तोंड लपवायला नको.

* * *

मामा मूळचे साताऱ्याकडचे, घर कुरुळीत. टेबलावर सगळ्यांत जुने. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं, आणि फॉर्म भरायलाही. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही ‘वाय-वाय’ फॉर्म भरतो. ‘का?’ असं पाच वेळा विचारत मूळ कारणापर्यंत जायचं. फॉर्मच्या दोन बाजू असतात. डावीकडे ‘दोष का झाला?’ आणि उजवीकडे ‘आपल्याला आधी का सापडला नाही?’

उजवी बाजू भरायला सगळ्यांच्या जिवावर येतं, कारण तिथं स्वतःची चूक लिहावी लागते. रिकामी सोडली की मामा लाल पेनाने तिच्याभोवती गोल काढून फॉर्म परत पाठवायचे. “डावी बाजू मशीनची. उजवी तुझी. परत भर!” एक फॉर्म मी चार वेळा भरलाय.

* * *

ग्रुपमधला पहिला किस्सा खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे मशीनची, गेजची पूजा असते. सगळी तयारी मामांची. आरती होईस्तोवर पाण्याचा थेंब घेणार नाहीत, असा माणूस. आणि त्या वर्षी भर आरतीत मामांनी नैवेद्याच्या ताटातला पेढा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. साहेब हातात आरतीचं ताट घेऊन बघतच राहिले.

“मामा, नैवेद्य आहे तो!”

“असू दे. देवाला घाई नाही, मला भूक लागलीय.”

पुढची आरती कोणाला म्हणता येईना, इतके हसलो. मी तिथंच ग्रुप काढला आणि पहिला मेसेज टाकला, ‘आधी मामा, मग देव!’

* * *

मग ऑडिट. कस्टमरकडून एक बडे साहेब आले होते. चांगले पुण्याचे, मराठी कळणारे. त्यांनी मामांना विचारलं, “पार्ट बरोबर आहे हे तुम्ही कसं ठरवता?” मामांनी त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि त्यांच्या पोटावर चक्क बोट टेकवलं.

“हे बघा. हे लिमिटच्या बाहेर गेलंय!”

आमचे साहेब लालबुंद! मी कॅलिपर पडल्याचं सोंग करून टेबलाखाली जाऊन हसलो. पाहुण्याला कधी उणा शब्द न बोलणारे मामा असे कसे बोलले, हा प्रश्न तेव्हा एकाच्याही डोक्यात आला नाही. मामा सोडून सहा जण बसलो होतो तिथं. सहाही जण तपासणीचाच पगार घेत होतो ना!

* * *

हा पुढचा सांगताना अजून जीभ अडखळते.

कासारवाडीचा इरफान आमच्याच टेबलावर. मामांचा जिवलग. दोघांचा डबा एक, बसमधली सीट एक. त्याचे अब्बा गेले तेव्हा आम्ही सगळे घरी गेलो. खोलीत बायका-पुरुष रडताहेत, मय्यत अजून उठायची होती. मामा आत शिरले, रिमोट शोधला आणि टीव्ही लावला.

“स्कोअर काय झाला रे?”

कोणीतरी टीव्ही बंद केला तर मामा म्हणाले, “अरे, तीनच ओव्हर राहिल्यात!”

इरफानने त्या दिवसापासून मामांशी बोलणं टाकलं. डबा वेगळा, सीट वेगळी. आणि मी? मी बसने परत येताना ग्रुपवर टाकलं, ‘मामा लाइव्ह, फ्रॉम मयत’. इरफानही त्या ग्रुपमध्ये आहे हे लक्षात आलं तेव्हा त्याने वाचून झालं होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

तरी माझी खोड जाईना. एका दुपारी काम कमी होतं, मी कोरा वाय-वाय फॉर्म घेतला आणि मामांवरच भरला. मामांनी पेढा का खाल्ला? भूक लागली. भूक का लागली? मामी डबा देत नाहीत. का देत नाहीत? भांडण झालं. का झालं? मामा ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत? माजलेत. मूळ कारण : माज. उपाय : एक कानाखाली!

फॉर्म नोटीस बोर्डावर लावला. मामा आले, चष्मा वर केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आम्ही ओठ दाबून उभे. मामांच्या चेहऱ्यावर ना राग, ना हसू. खिशातून लाल पेन काढलं आणि उजव्या बाजूला गोल केला. खाली सही, तारीख.

“उजवी बाजू रिकामी. परत भर.”

पोट धरधरून हसलो. फोटो काढून ग्रुपवर टाकला, फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. आठवण म्हणून, बरं का!

* * *

नंतर किस्सा राहिला नाही, प्रकरण झालं. मामांनी एक अख्खा लॉट न मोजता हिरवे ‘ओके’ टॅग लावून सोडला. खराब माल कस्टमरकडे गेला, त्यांची लाइन थांबली. मामांवर जाणूनबुजून केलेल्या हलगर्जीचा ठपका. सस्पेंड, वर चौकशी. म्हणजे इतक्या वर्षांची नोकरी बडतर्फीने संपणार, न मोजता टॅग लावणारा माणूस म्हणून.

साक्षीदार मी. साहेबांनी विचारलं, “कदमांना समजत नव्हतं का?”

“सगळं समजतं साहेब. टेबलावरच्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत त्यांना. मुद्दाम करतात.”

लिहून घेतलं. मी खाली सही केली. वाचूनसुद्धा पाहिलं नाही.

* * *

पंधरवड्याने मामींचा फोन. मुलगी लांब दिलेली, बरोबर यायला कोणी नाही. “संजय, पिंपरीला दवाखान्यात येशील का रे? ते तुझं ऐकतात.” कोणत्या तोंडाने नाही म्हणू!

डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवर मामांच्या मेंदूचे एमआरआयचे फोटो दाखवले. कपाळामागचा भाग आणि कानशिलांच्या आतला भाग आक्रसलेला. घड्यांच्या मध्ये काळ्या फटी पडलेल्या. आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. मॅडम म्हणाल्या, “यात विसरणं पुष्कळदा नंतर येतं. आधी भीड जाते, दुसऱ्याचं मन कळेनासं होतं, कुठं थांबायचं ते समजत नाही.”

मी सवयीने विचारलं, “किती कमी झालंय मॅडम? आणि लिमिट किती?”

“असा एकच आकडा नसतो हो. आक्रसणं जेवढं जास्त, साधारण तेवढा आजार पुढं गेलेला. पण हा फोटो आजचा. सुरुवात कधी झाली, वागणं कसं बदलत गेलं, ते तुम्ही सांगायचं. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच मला नीट ठरवता येईल.”

मामींना तारखा सांगता येईनात. “घरात गप्पच असायचे हो. मला वाटलं माझ्यावर राग धरलाय. मग मीही बोलायचं सोडलं.” असं म्हणून त्या रडायला लागल्या. मामा शेजारी बसून बिस्किटाचा पुडा संपवत होते.

तारखा एकाच ठिकाणी होत्या. माझ्या खिशात.

“माझ्याकडे आहे सगळं,” मी म्हणालो आणि ग्रुप उघडला. वाचत गेलो. पेढा, तारीख. पोट, तारीख. मॅडम लिहून घेत होत्या, एकदाही हसल्या नाहीत. पोटाच्या किश्श्याला मामी मात्र रडता रडता हसल्या. “खरंच बोट लावलं?” मयताचा आला तेव्हा मी मेसेज न वाचता नुसतं काय झालं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “जसं लिहिलंय तसं वाचा. शब्द महत्त्वाचे आहेत.” वाचलं. मामींनी विचारलं, “कोणी लिहिलंय रे हे?”

“मी,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

* * *

निकाल आधी सांगतो. बडतर्फी टळली, मामांना आजारपणामुळे मानाने निवृत्त केलं. पण त्यासाठी आजार लॉटच्या आधीचा होता हे दाखवावं लागलं. चौकशीत पहिला उठला इरफान. “माझ्या अब्बांच्या मय्यतीला यांनी टीव्ही लावला साहेब. माझा मामा शुद्धीत असता तर खांदा द्यायला पुढं असता. मीच ओळखलं नाही,” एवढं बोलला आणि जाऊन मामांच्या शेजारी बसला.

मग मी. चौकशीला बाहेरचे एक वकील होते. ते म्हणाले, “आधी लिहून दिलंत मुद्दाम केलं. आता म्हणता आजार. यातलं खरं कोणतं?”

ड्रॉवरमधला तो फॉर्म आणला होता, तो पुढं ठेवला. म्हटलं, “साहेब, बघा. लॉटच्या आधीची तारीख आहे. स्वतःची टिंगल वाचून मामांनी खाली सही केलीय, ती टिंगल आहे हे त्यांना कळलंच नाही. आणि डावीकडचं अक्षर माझं आहे.”

वकिलांनी डावी बाजू वाचली. माज, कानाखाली, सगळं. माझ्याकडे पाहिलं. खोलीत कोणी हसलं नाही.

तेवढ्यात मामा उठले. वकिलांसमोरून फॉर्म ओढून घेतला. चष्मा वर केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग वकिलांच्याच खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘आपल्याला आधी का सापडला नाही?’भोवतीच्या जुन्या गोलावर दुसरा गोल काढला.

“संजय, अजून रिकामीच? परत भर.”